पॅटचा शुक्रवार आणि माझा

रेवदंड्याला परत आल्यापासून भेटेल तो एकच विचारतो, "काय हो बाई, नायगारा पाहिलात का?" पाहिला. पाणी वरून खाली पडतं, गारठा मरणाचा, आणि रेनकोट घातले की सगळे सारखेच दिसतात. फोटो मोबाईलमध्ये आहेत, ज्याला बघायचे त्याने घरी यावं, चहा देईन. मला सांगायचंय ते वेगळंच आहे. थंडीच्या शेवटापासून झाडांना पालवी फुटेपर्यंत मी अमेरिकेत राहिले, आणि त्यातला निम्मा वेळ शेजारच्या बाईवर जळण्यात घालवला.

माझा मुलगा निखिल ओहायोतल्या डब्लिन गावात असतो, कोलंबस शहराच्या कडेला. आपल्याकडची आयटीतली पोरं तिथे इतकी आहेत, की दुकानात कोथिंबीर निवडताना मागून कोणीतरी म्हणतं, "काकू, ती नको, काळी पडलीय." सूनबाई मुग्धा नागपूरची. इरा त्यांची एकुलती एक, साडेपाच वर्षांची. ती जन्मली तेव्हा सगळ्या जगाला कुलूप लागलेलं. माझी बॅग भरलेली, डिंकाचे लाडू डब्यात, आणि विमानंच बंद! लाडू शेवटी आमच्या आळीतल्या लोकांनी खाल्ले. बाळंतपण माझ्या हातून गेलं ते गेलंच.

ते केलं पॅटने. पॅट म्हणजे पॅट्रिशिया, निखिलची शेजारीण. सत्तरीची, उंच, बारीक कापलेले पांढरे केस, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. पूर्वी शाळेची बस चालवायची. बाई कॅथलिक आणि देवाधर्माची. तिच्या चर्चमधल्या बायकांनी म्हणे आळीपाळीने महिनाभर ह्यांच्या दारात जेवण आणून ठेवलं. डबा पायरीवर ठेवायचा, बेल वाजवायची आणि लांब जाऊन उभं राहायचं. ना ओळख ना पाळख! मुग्धा अजून हे सांगताना डोळे पुसते. मीही पुसले, पण माझं कारण वेगळं होतं.

मी पोचले त्या दिवशी दार उघडलं ते पॅटनेच. इरा तिच्या कडेवर. एवढी मोठी घोडी, पण कडेवर! निखिल म्हणाला, "इरा, बघ कोण आलंय." इराने मला नीट पाहिलं आणि म्हणाली, "हाय आजी." पाहुण्यांना म्हणतात तसं. मग पॅटच्या कानाशी काहीतरी कुजबुजली. पॅटला ती ग्रॅमी म्हणते. मी तीस वर्षं बालवाडी चालवली आहे. रडणारी, चावणारी, पळून जाणारी, सगळी पोरं माझ्या मांडीवर गप्प झाली आहेत. आणि माझी स्वतःची नात मला हाय करते!

पॅट मला आजीच म्हणायची, पण तिच्या तोंडून ते "अजी" असं यायचं. जणू हिंदी सिनेमातली बायको नवऱ्याला हाक मारतेय.

राखेचा बुधवार

ख्रिस्ती माणसं मला नवी नव्हेत. आमच्या रेवदंड्याच्या खाडीपलीकडे कोर्लई, तिथल्या ख्रिस्ती बायकांकडून मी कित्येकदा मासळी घेतली आहे. आमच्या गावात पोर्तुगिजांच्या चर्चचे पडके मनोरे उभे आहेत, तिथे आम्ही लहानपणी चिंचा पाडायचो. त्यामुळे ह्या धर्माची आपल्याला बरीच माहिती आहे असा माझा समज होता.

तर एका बुधवारी दुपारी पॅट लिंबाचा केक घेऊन आली. कपाळावर हा एवढा काळा डाग. मला वाटलं बाई शेगडीबिगडी साफ करत असावी. म्हटलं, आता एवढी वाकड्यात शिरलेय तर निदान एक चांगलं काम करू. "वन मिनिट," म्हणाले, ओढणीचं टोक ओलं केलं आणि खसखसून पुसून टाकलं कपाळ. मुग्धा लॅपटॉपवरून उठून धावत आली. "आई! आई, थांबा, अहो ते..."

ते चर्चमधलं होतं. त्या दिवशी पाद्री प्रत्येकाच्या कपाळाला राख लावतो. तू मातीची आहेस आणि मातीला मिळणार आहेस, ह्याची आठवण. इथून पुढे ईस्टरपर्यंत ह्यांचा उपासाचा काळ, त्याला लेंट म्हणतात. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. अहो, आमच्या घरात देवीचा अंगारा लावल्याशिवाय कोणी परीक्षेला जात नाही! मुंज्याच्या पिंपळापासून दत्ताच्या डोंगरापर्यंत सगळ्या राखा मी ओळखते, आणि हिच्या कपाळावरची ओळखली नाही.

पॅट मात्र हसत सुटली. "आजी," म्हणाली, "आज दिवसभरात तीन जणांनी मला सांगितलं की काहीतरी लागलंय. पुसून दिलं फक्त तू." म्हणजे तिथल्या लोकांनाही कळत नाही तर! मला जरा बरं वाटलं.

संध्याकाळी ह्यांना फोनवर सांगितलं. आमच्या ह्यांना थंडी सोसत नाही म्हणून ते गावीच राहिले होते. ते म्हणाले, "पुसलास तो डाग की राग?" ह्या माणसाला समुद्रापलीकडूनही सगळं कळतं.

देवाचं घड्याळ

त्यानंतर माझं लक्षच तिकडे गेलं. जिकडे पाहावं तिकडे ह्यांचा देव. म्हणजे देवळं सोडून बोलतेय मी. निखिल मला गाडीतून फिरवायचा आणि मी वाचत जायची: इस्पितळाला संताचं नाव, रस्त्याला संताचं नाव, इराच्या वर्गात ल्यूक, थॉमस, मेरी. नोटेवर देवाचं नाव. कोर्टात शपथ घ्यायची तर देवाची. इरा शिंकली की दुकानातला अनोळखी माणूससुद्धा देव तुझं भलं करो म्हणतो. आपल्याकडे शिंक आली की निघालेला माणूस चपला काढून परत बसतो! गुडबायमध्येसुद्धा देव लपलेला आहे, देव तुझ्या सोबत असो असं ते मुळातलं, हे पॅटने सांगितलं. आम्ही शाळेत इतकी वर्षं गुडबाय गुडबाय करत होतो, कोणी सांगितलं नाही.

निखिल म्हणाला, "आई, इथे निम्मे लोक देव मानत नाहीत गं. माझा मॅनेजर पक्का नास्तिक आहे."

"पण रविवारी सुट्टी घेतो ना तुझा नास्तिक?"

"ती तर आपणही घेतो."

हे मात्र मला झोंबलं. खरंच की! आपणही त्यांच्याच देवाच्या वारी पाय पसरून बसतो. आणि आपला गणपती? निखिलच्या घरी गणपती शनिवारी येतो. चतुर्थी मंगळवारी असो की गुरुवारी, बाप्पाने वीकेंड बघून यायचं. दिवाळीचा फराळ ज्या शनिवारी हॉल मिळेल त्या शनिवारी. आणि ह्यांच्या देवाच्या जन्माला सगळा देश दुकानं बंद करून घरात बसतो. मला इतका हेवा वाटला म्हणून सांगू! देव आहे की कॅलेंडर छापणारा?

पॅट मला एकदा चर्चच्या तळघरात घेऊन गेली. तिथे गरजूंसाठी डबाबंद जेवण, दूध, डायपर मांडून ठेवलेलं, आणि निवृत्त माणसं एप्रन बांधून पिशव्या भरत होती. घेणाऱ्याला कोणी जात, गाव, कार्ड विचारत नव्हतं. अन्नदान आपणही करतो, नाही असं नाही. पण आपल्याकडे आधी दात्याचं नाव भिंतीवर लागतं आणि मग भात शिजतो. मीही मटारचे डबे लावले. वर प्रार्थनेच्या हॉलमध्ये डोकावले तर बाकांवर सगळी पांढरी डोकी. तरुण जवळपास नाहीत. पॅटची स्वतःची मुलगी टेक्सासात, ती चर्चचं नाव काढत नाही, नातवंडांचा बाप्तिस्मासुद्धा झालेला नाही. हे ऐकून माझ्या मनात जरा गुदगुल्या झाल्या. खोटं कशाला बोलू?

उपासाची मासळी

आता शुक्रवारचं सांगते. माझा शुक्रवारचा उपास लग्नाच्या आधीपासूनचा. देवीचा. साबुदाणा, वरी, रताळं, फार तर एखादं केळं. पॅटचाही लेंटमध्ये शुक्रवारी उपास. ती म्हणाली, "मग आपण दोघी एकत्रच करू ना! चर्चमध्ये जेवण असतं." मी म्हटलं, चला, बाई धर्माची आहे, फळंबिळं असतील.

तळघरात शिरले आणि नाकाने ओळखलं. मासे! तळलेले मासे! लांबलचक टेबलं, कागदाचे रुमाल, आणि तेलाच्या कढईशी तांबड्या गालांचे म्हातारे घाम पुसत तुकडेच्या तुकडे काढतायत. ह्यांच्या उपासात मटण-कोंबडी चालत नाही, मासळी चालते! एकादशी आणि दुप्पट खाशी म्हणतात ते आपण उगाच म्हणतो, खरी एकादशी तर ओहायोत पाहावी. दर शुक्रवारी सगळा गाव रांग लावून उपास करतो, आणि ज्यांचा चर्चशी काही संबंध नाही तेही लावतात. बर्गरवाल्या दुकानांत म्हणे ह्या दिवसांत मुद्दाम मासळीचा पाव मिळतो.

मी रेवदंड्याची. बोंबील, बांगडा, सुरमई ह्यांवर वाढलेली. अमेरिकेत आल्यापासून ताज्या मासळीचा वाससुद्धा नाकाला लागला नव्हता. आणि आज समोर ताट, आणि आज शुक्रवार! बटाट्याचे तळलेले तुकडे खाईन म्हटलं, तर ते त्याच तेलात. शेवटी मला उकडलेल्या सफरचंदाचा लगदा मिळाला, वाटीभर. मी तो चमच्याने खात बसले आणि समोर पॅट लिंबू पिळून उपास करत होती. एवढंच समाधान, की त्या मासळीला ना हळद ना तिखट. लांबूनच कळत होतं.

इरा पॅटच्या मांडीला खेटून बसलेली. तोंड भरून म्हणते, "आजी, वी आर फास्टिंग!"

"इरा, हा उपास नाही बाळा. उपास म्हणजे आजीसारखा."

इराने माझ्या वाटीत पाहिलं आणि नाक मुरडलं. "आय लाइक ग्रॅमीज फास्ट." सगळं टेबल हसलं. मीही हसले, आतल्या आत दात खाऊन.

तेवढ्यात शेजारची एक बाई वाकून इराला विचारू लागली, ही कोण गं तुझ्याबरोबर? इराने ओळख करून दिली. ही माझी आजी, इंडियाहून आलीय. आणि ही ग्रॅमी पॅट, माझी गॉडमदर.

माझा चमचा वाटीतच राहिला.

गॉडमदर

गॉडफादर हा शब्द आपल्याला ठाऊक असतो तो वेगळा. ज्याची मंत्रालयात ओळख त्याला गॉडफादर आहे म्हणतात. ज्याची बदली रत्नागिरीहून गडचिरोलीला होते त्याला नाही म्हणतात. पण मूळचा अर्थ कोर्लईच्या बायकांमुळे मला माहीत होता. बाप्तिस्म्याच्या वेळी पाण्याशी मुलाला धरून उभे राहतात ते धर्माचे आईबाप. म्हणजे इराचा बाप्तिस्मा झाला? कधी? आणि मला कोणी सांगितलंही नाही?

घरी येऊन मी पर्ससुद्धा खाली ठेवली नाही. "निखिल, पोरीला बाटवलंत का रे?"

"आई! काहीतरीच काय बोलतेस, यार!"

"यार नको म्हणू मला. ती पॅट हिची गॉडमदर कशी झाली?"

निखिल हसायलाच लागला. इराच्या वर्गातल्या एका मुलीला गॉडमदर आहे, मग हिलाही हवी होती, म्हणून हिने पॅटला बनवली. बाप्तिस्मा नाही, पाणी नाही, काही नाही. मी सुस्कारा टाकला. पण मुग्धा हसत नव्हती. ती पोरगी सरळ आहे, नागपूरची, पोटात काही ठेवत नाही.

"आई, एक सांगू का? अगदीच खोटं नाही ते. आम्हा दोघांना काही झालं, आम्ही पोचू शकलो नाही, तर इराची जबाबदारी आम्ही पॅटला दिलीय. शाळेत, डॉक्टरकडे, वकिलाकडे. तिचंच नाव आहे."

"आणि मी?"

"तुम्ही तिकडे आहात."

"मी येईन की!"

"व्हिसा, तिकीट, विमान. किती दिवस लागतील, आई? तेवढे दिवस पोर कोणाकडे ठेवायची? इथे कोणीतरी आपलं हवं ना."

आपलं! हा शब्द मला चाकूसारखा लागला. मी रक्ताची आजी, आणि आपली कोण, तर शेजारची बसड्रायव्हर. मी म्हटलं, "नाव बदला. मी राहते इथे." निखिल म्हणाला, सहा महिन्यांच्या वर राहता येत नाही. मी म्हटलं, मग सहा महिने तरी बदला. तो म्हणाला, असं नसतं गं आई. मी जेवले नाही. तसाही उपासच होता.

त्या दिवसापासून मी कंबर कसली. निघेपर्यंत ह्या पोरीच्या तोंडी माझं नाव बसवायचंच. रोज गोष्ट, रोज तेलमालीश, रोज गूळतुपाची पोळी. इरा पोळी खायची, गोष्ट ऐकायची, आणि थँक यू आजी म्हणून शेजारी पळायची.

गुड फ्रायडे

त्या सकाळी आमच्या महिला मंडळाच्या ग्रुपवर 'हॅपी गुड फ्रायडे' आणि खाली गुलाब आले. मी मात्र आता शहाणी झाले होते. ह्यांच्या देवाला सुळावर चढवलं तो दिवस, त्यात हॅपी काय?

इराच्या शाळेला सुट्टी, ऑफिसांना नाही. मुग्धा ऑफिसच्या कामाला व्हर्जिनियात अ‍ॅशबर्नला गेलेली, निखिल क्लीव्हलँडला, गाडीने दोन-अडीच तासांवर. घरात मी आणि इरा. पॅटची दुपारी तीनला चर्चमध्ये मोठी प्रार्थना होती. येशूच्या मरणाची कथा तिथे सगळ्यांसमोर वाचतात, आणि यंदा त्यातला एक भाग पॅट वाचणार होती. आठवडाभर कुंपणाशी उभी राहून ती मला वाचून दाखवत होती. तिला फार अप्रूप होतं त्याचं.

इरा सोफ्यावरून उडी मारायला गेली आणि टेबलाच्या कोपऱ्यावर हनुवटी आपटली. रक्त! मी तीस वर्षं पोरांची ढोपरं फुंकली आहेत, पण हे फुंकण्यातलं नव्हतं. मी हळदीचा डबा घेतला आणि मूठभर हळद दाबली. निखिलला फोन लावला, उचलला नाही. मुग्धाचा बंद. गाडी मला येत नाही. मग काय करणार? गेले पॅटच्या दारात.

ती बाहेरच पडत होती. काळा पोशाख, हातात वाचायचं पुस्तक. तिने इराकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि गाडीचं मागचं दार उघडलं. घड्याळाकडे पाहिलं नाही. मी पाहिलं होतं. अडीच वाजून गेले होते.

इस्पितळात खिडकीतल्या मुलीने विचारलं, मुलीचं कोण आहे? मी पुढे झाले. "ग्रँडमदर. आय, ग्रँडमदर." ती म्हणाली, आईवडिलांनी परवानगी दिलेली व्यक्ती कोण? मग पॅट पुढे झाली. तिचं नाव त्यांच्याकडे होतंच. तिने सही केली. मी रक्ताने माखलेली ओढणी घेऊन बाजूला उभी. परदेशात खूप अपमान होतात म्हणतात, विमानतळावर वगैरे. माझा हा असा झाला, आणि कोणी काही वाईट बोललंसुद्धा नाही.

आत नर्स हनुवटी बघून दचकली. पिवळं काय आहे? पॅट शांतपणे म्हणाली, "टर्मरिक. तिच्या आजीने लावलंय, चांगलं असतं." मग ते धुऊन काढलं, टाके घालायचं ठरलं. खोली एवढीशी. नर्स म्हणाली, एकीनेच थांबा, दुसरीने बाहेर बसा. आम्ही दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. स्टूल एकच होतं आणि ते पॅटच्या बाजूला होतं.

तेवढ्यात डॉक्टरने सुई आणली आणि इरा किंचाळली, "आई गं! आई गं!"

अहो, त्या पोरीच्या तोंडून 'आजी'शिवाय मराठीचा शब्द मी आल्यापासून ऐकला नव्हता! नर्सने विचारलं, "कोणाला बोलावतेय ती?"

"मला," मी म्हणाले. "आजी. शी कॉलिंग मी."

तोंडातून निघून गेलं. आपल्याकडे ठेच लागली तरी म्हातारा माणूस आई गं म्हणतो, त्यात कोणी कोणाला बोलावत नसतं. पण ह्या गोऱ्या बायकांना काय कळणार? पॅटने माझ्याकडे पाहिलं. मग इराचे केस सारखे केले, खुंटीवरचा कोट उचलला आणि बाहेर गेली.

मी स्टुलावर बसले. इराने माझं बोट घट्ट धरलं. टाके पडेपर्यंत मी तिला चिऊकाऊची गोष्ट सांगितली आणि ती ऐकत राहिली. मला काय आनंद झाला! जिंकले होते मी. पोरीला टाके पडतायत आणि आजीचं मन उड्या मारतंय.

बाहेर आले तेव्हा पॅट कॉरिडॉरमधल्या बाकावर बसलेली. पुस्तक उघडं, ओठ हलत होते. तिचा भाग ती तिथेच वाचत होती, कोणी ऐकायला नसताना. तीन केव्हाच वाजून गेले होते. मला त्याचाही हेवा वाटला. तिला निदान वाचायला काहीतरी होतं.

ईस्टर

रविवारी पॅटने आम्हाला जेवायला बोलावलं. तिची मुलगी टेक्सासाहून येणार होती, ऐनवेळी कॅन्सल केलं. पॅटने ते सांगितलं आणि लगेच टेबल पुसायला घेतलं. मुग्धा आणि निखिल मागच्या अंगणात रंगीत अंडी लपवत होते, इरा हनुवटीला पट्टी लावून ती शोधत होती. मी आणि पॅट स्वयंपाकघरात. मी कोशिंबिरीला काकडी चोचवत होते, ती बटाटे कुसकरत होती. खिडकी उघडी. हवा छान होती, पहिल्यांदाच स्वेटरवाचून.

अंगणातून ओरड आली. "आई गं!"

मी सुरी टाकून दाराकडे धावले. पॅट जागची हलली नाही, बटाट्यावरून नजरसुद्धा काढली नाही.

"काही नाही, आजी. पायाचं बोट असेल. फार लागलं की जोरात ओरडते, दोनदा. हे एकदाच होतं."

मी बाहेर पाहिलं. इरा एका पायावर उड्या मारत होती, अंगठा दगडाला लागला होता. लगेच विसरून पुढच्या अंड्यामागे धावली.

मी दारातच उभी राहिले. "पॅट," मी म्हटलं, "यू नो धिस वर्ड?"

"बोलायला लागल्यापासून ऐकतेय. मुग्धाला विचारलं होतं मी, ती मम्मीला हाक मारते का म्हणून. मुग्धा म्हणाली, नाही, तुम्ही लोक कशालाही तसंच म्हणता. डास चावला तरी."

म्हणजे शुक्रवारी, त्या खोलीत, तिला सगळं कळलं होतं. मी खोटं बोलले ते ऐकून ती उठून गेली होती. माझं तोंड जळलं. इंग्रजी तर आधीच तोकडं, ते पार पळून गेलं. कसंबसं विचारलं, "देन व्हाय यू गो आउट?"

पॅटने बटाट्यात लोणी घातलं. मग सांगू लागली. लेंटमध्ये ते लोक एखादी आवडती गोष्ट देवासाठी सोडतात. "यंदा मी चॉकलेट सोडलं होतं," ती म्हणाली. "त्याचं काही विशेष वाटलं नाही. स्टूल सोडताना वाटलं." आणि मला म्हणाली, काकडी इकडे दे.

जेवणाला मासळी नव्हती, डुकराचं मांस होतं, ते मी खाल्लं नाही. बटाटे खाल्ले. पॅटने इराला एक आणि मला एक चॉकलेटचं अंडं दिलं, स्वतः दोन खाल्ली. मी तिच्याकडे बघत होते आणि मला तिचा इतका राग येत होता, इतका राग, की रडूच फुटेल असं वाटलं. भांडावं तर भांडायलाही जागा ठेवली नाही बाईने.

घरी परतताना निखिल म्हणाला, "आई, तुझ्या मनाला एवढं लागलं असेल तर आपण वकिलाशी बोलू. दोघींची नावं घालता येतात का बघू."

"नको," म्हटलं. "आहे तेच राहू दे. आणि काही झालं तर माझ्यासाठी थांबू नकोस म्हणावं पॅटला."

"का गं? त्या दिवशी तर जेवली नव्हतीस."

"नको म्हटलं ना! कुलूप उघड आधी."

त्याला काय सांगणार? मी काशीला गेले होते तेव्हा गंगेत उभी राहून मीही एक गोष्ट सोडून आले होते, सगळ्यांसारखी, जन्मभरासाठी. कारलं सोडलं. कारलं मला कधीच आवडत नव्हतं.